जुळ्या भावांपैकी बाप कोण? ९९.९९ टक्क्यांचा रिपोर्ट इथे का पुरत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि तुमचा भाऊ जुळे, दिसायला हुबेहूब. एका अविवाहित बाईंनी आपल्या सव्वा वर्षाच्या मुलासाठी तुमच्यावर पोटगीचा अर्ज लावला आहे. त्यांच्याशी संबंध होते हे तुम्ही नाकारत नाही. पण दोन वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही नोकरीसाठी मस्कतला गेलात आणि नवरात्रात त्यांचे तुमच्या भावाशी संबंध आले, असं भावानं तुमच्याजवळ कबूल केलं. खासगी लॅबमध्ये चाचणी केलीत, रिपोर्ट आला ९९.९९ टक्के. आता लॅबवाले म्हणतात, २१ मार्करऐवजी (मार्कर म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या ठरलेल्या जागा) ४० मार्करची चाचणी करा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. तुमचे प्रश्न दोन: ही मोठी चाचणी करावी का, आणि भावाला कोर्टात ओढावं का.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: करू नका. दुसऱ्याचं उत्तर तारखांवर अवलंबून आहे. आणि एवढ्या लांबलचक प्रश्नात तुम्ही नेमक्या दोनच तारखा लिहिल्या नाहीत: मूल जन्मलं कधी, आणि पहिली सोनोग्राफी झाली कधी.

मी पितृत्व चाचण्यांच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्टवर सही करते आणि समन्स आलं की कोर्टात उभी राहून त्यातला आकडा समजावून सांगते. मी वकील नाही. कायद्याबद्दल जे लिहीन ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून दिसतं तेवढंच धरा.

चाचणी कमी पडली, अशी तुमची समजूत झाली आहे. तसं नाही. चाचणीला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. नेहमीच्या पितृत्व चाचणीत आम्ही गुणसूत्रांवरच्या वीसेक ठरलेल्या जागा बघतो. प्रत्येक जागी डीएनएचा एक छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ आला आहे ते मोजायचं. आलेखावर ते शिखरांसारखं उमटतं आणि प्रत्येक शिखराखाली आकडा असतो. समजा डी२१एस११ या जागी तुमच्याकडे २९ आणि ३१.२ आहेत. मुलाकडे ३० आणि ३१.२ आहेत, त्यातला ३० आईकडून आला. मग ३१.२ तुमच्याकडून आला असू शकतो. अशा सगळ्या जागा जुळल्या की आम्ही विचारतो: हा माणूस बाप असेल तर असं जुळणं किती शक्य, आणि रस्त्यावरचा कुणी परका, नात्यातला नसलेला माणूस बाप असेल तर किती शक्य? या दोघांचं गुणोत्तर काढायचं, सगळ्या जागांचे गुणाकार करायचे, की तो लाखातला नाहीतर कोटीतला आकडा येतो. ९९.९९ टक्के ही त्याचीच टक्केवारीत मांडलेली आवृत्ती.

म्हणजे तुमची तुलना झाली ती परक्या माणसाशी. आता त्या परक्याच्या जागी तुमच्या भावाला उभं करा. तुम्ही खरोखर एकाच बीजापासून झालेले, म्हणजे एकबीज जुळे असाल, तर डी२१एस११ ला त्याच्याकडेही २९ आणि ३१.२ च असणार. इतर प्रत्येक जागी तेच. अंश आणि छेद सारखे झाले, गुणोत्तर आलं १. गुणोत्तर १ याचा अर्थ चाचणीनं तुम्हा दोघांमध्ये काडीचाही फरक केलेला नाही. उद्या भावाची चाचणी केली तर त्याचाही रिपोर्ट ९९.९९ येईल, आणि दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असतील. बहुतेक लॅबच्या रिपोर्टमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा हिशोब संबंधित व्यक्तीचा जवळचा नातेवाईक किंवा एकबीज जुळा भाऊ संभाव्य पिता नाही असं धरून केला आहे. तुमचा रिपोर्ट काढून बघा. सहीच्या वर नाहीतर शेवटच्या पानाच्या तळाला असेल.

४० मार्करचं उत्तर यातच आलं. एकसारख्या दोन याद्यांची लांबी दुप्पट केली तरी त्या एकसारख्याच राहतात. वाय गुणसूत्राची चाचणी, रक्तगट, यांनीही काही साधत नाही. तुमच्या आई म्हणतात की बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय. ते भावावरही गेलेलंच आहे.

पण या सगळ्यात एक ‘असाल तर’ आहे, आणि तो आधी तपासायला हवा. तुम्ही खरंच एकबीज जुळे आहात का? ‘हुबेहूब’ हे घरच्यांचं मत असतं. सख्खे भाऊ एकमेकांसारखे दिसतातच, त्यात वय एक, कपडे एक, केसांचा भांग एक. जुळे म्हटल्यावर मग सगळ्यांना ते एकसारखेच वाटू लागतात. लहानपणी डॉक्टरांनी वार (प्लासेंटा) वेगळी होती असं सांगितलं असेल, तर त्यावरूनही काही ठरत नाही. एकबीज जुळ्यांतही बऱ्याच जणांची वार वेगळी असते. याची चाचणी मात्र सोपी आहे. भावाचा नमुना त्याच साध्या २१ मार्करच्या किटवर चालवायचा. सगळ्या जागा तंतोतंत जुळल्या तर एकबीज. चार-पाच ठिकाणी वेगळे आकडे आले तर तुम्ही द्विबीज, म्हणजे जनुकांच्या दृष्टीनं एकाच वेळी जन्मलेले साधे सख्खे भाऊ. मग प्रश्नच संपला, कारण साधी चाचणी दोन भावांतून बाप निवडू शकते.

‘निवडू शकते’ म्हणताना एक अट आहे. सख्ख्या भावांचे निम्मे आकडे सारखे असतात. फक्त एका भावाची चाचणी केली आणि तो खरा बाप नसला, तरी तो बऱ्याच जागी मुलाशी जुळतो. एखाद-दोन जागी जुळला नाही तर ‘तिथे नवीन जनुकीय बदल झाला असेल’ अशी पळवाट उरते. म्हणून संशय भावांवर असेल तर दोघांचा आणि आईचा, असे सगळे नमुने एकत्र द्यायचे आणि लॅबला तसं स्पष्ट सांगायचं. लोक हे लाजेनं सांगत नाहीत आणि मग रिपोर्टवर भांडत बसतात.

नमुना घेण्याबद्दलही लिहिते, कारण जुळ्यांच्या बाबतीत इथेच घोळ होऊ शकतो. एरवी कुणी स्वतःऐवजी मित्राला नमुना द्यायला पाठवलं तर ते डीएनएवरून कधी ना कधी उघड होतं. जुळ्यांमध्ये ते कधीच उघड होणार नाही. एकाच भावानं सकाळी एका नावानं आणि दुपारी दुसऱ्या नावानं गालाच्या आतून कापूस फिरवून दिला, तर यंत्राला ते दोन भाऊ वाटतील. फोटो बघून आम्हालाही कळणार नाही. म्हणून दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत बोलवायचं, आणि ओळखपत्रकावर दोघांच्या अंगठ्यांचे ठसे शाईनं घ्यायचे. एकबीज जुळ्यांचा डीएनए सारखा असला तरी बोटांचे ठसे वेगळे असतात. ते गर्भात बोटांवर पडणाऱ्या दाबानं आणि वाढीच्या वेगानं ठरतात. पाकिटावरचं सील, त्यावर दोघांच्या सह्या, साक्षीदाराची सही, हे सगळं नेहमीचंच. पण जुळ्यांच्या फाइलीत तो ठसा सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. तुम्ही घरी किट मागवून चाचणी केली असेल तर हे काहीच झालेलं नसणार, आणि समोरचे वकील पहिला प्रश्न तिथूनच विचारतील.

समजा तुम्ही एकबीजच निघालात. तरीही महागड्या चाचणीकडे धावायची घाई नको. जनुकं गप्प बसली की उरलेला सगळा भार बाकीच्या पुराव्यावर येतो, आणि तुमच्याकडे तो पुरावा चांगला आहे. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना, मध्ये अख्खा पितृपक्ष. साधारण पंधरा दिवसांचं अंतर. पासपोर्टवर तुमचा शिक्का आहे.

आता हे नीट बघा. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्रजंतू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे तुमच्याकडून गर्भधारणा झाली असेल तर ती तुम्ही विमानात बसल्यावर फार तर पाच दिवसांत. भावाकडून असेल तर घटस्थापनेच्या आधी नाही. मधले दहा दिवस रिकामे आहेत. गर्भधारणेचा दिवस या रिकाम्या पट्टीच्या अलीकडे पडतो की पलीकडे, एवढंच शोधायचं आहे.

नुसत्या जन्मतारखेवरून हे ठरत नाही. पूर्ण दिवसांची बाळंतपणं ३७ व्या आठवड्यापासून ४२ व्यापर्यंत केव्हाही होतात. दोन आठवड्यांचं अंतर त्यात सहज विरघळून जातं. ‘नऊ महिने मागे मोजले तर अमुक तारीख येते’ असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक खटल्यात असतात. त्या मोजणीला काही अर्थ नाही. मात्र बाळाचं वजन आणि डॉक्टरांनी नोंदवलेले आठवडे यांची प्रत काढून ठेवा, जोडपुरावा म्हणून चालेल.

खरा कागद म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. त्यात गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजलेली असते. रिपोर्टवर ती ‘सीआरएल’ म्हणून लिहितात. त्या वयात सगळी बाळं जवळपास एकाच वेगानं वाढतात, म्हणून १४ आठवड्यांच्या आत काढलेलं वय पाच ते सात दिवसांच्या फरकानं बरोबर असतं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर असा भरवसा ठेवता येत नाही. तिथे चूक तीन आठवड्यांवर जाऊ शकते. कोर्टात दाखल झालेली सोनोग्राफी कितव्या महिन्यातली आहे, हे सगळ्यात आधी बघा.

आणि इथे एक खड्डा आहे, त्यात चांगले चांगले वकील पडलेले मी पाहिले आहेत. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भधारणा होते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. रिपोर्टवर ‘१० आठवडे’ लिहिलं असेल तर गर्भ प्रत्यक्षात आठ आठवड्यांचा असतो. कुणी रिपोर्टच्या तारखेतून सरळ दहा आठवडे वजा केले तर उत्तर दोन आठवडे आधीच्या तारखेला सरकतं. तुमच्या प्रकरणात हे दोन आठवडे म्हणजे बरोबर तो पितृपक्ष. नवरात्रातली गर्भधारणा एका चुकीच्या वजाबाकीनं गणपतीतली होते आणि बाप बदलतो. म्हणून हिशोब असा करा: सोनोग्राफीवरून दिलेली प्रसूतीची अंदाजे तारीख घ्या आणि त्यातून २६६ दिवस वजा करा. तो गर्भधारणेचा अंदाजे दिवस. मग त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात दिवस सोडा. आलेली पट्टी पूर्णपणे नवरात्रात किंवा नंतर पडली, तर तुमच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे. गणपतीच्या दिवसांत पडली, तर भावाचं नाव घेण्याआधी दोनदा विचार करा. नेमकी पितृपक्षाच्या मध्यावर पडली, तर मात्र कागद संपले आणि पुढे मी लिहिते आहे त्या चाचणीकडे वळावं लागेल.

बाईंची मधल्या काळात पाळी आली होती का, हाही प्रश्न कामाचा आहे. पण एकट्या त्यावर विसंबू नका, कारण गर्भ राहिल्यानंतर सुरुवातीला होणारा थोडा रक्तस्राव अनेकींना पाळीच वाटतो.

हे कागद कुठे मिळतील? सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात नाव घातलं असेल तर माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख दोन्ही असतात. सोनोग्राफी केंद्राला गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईचा ‘एफ’ फॉर्म भरावाच लागतो, त्यात शेवटची पाळी किंवा गर्भाचे आठवडे असतात. हे रेकॉर्ड जपून ठेवण्याची सक्ती दोन वर्षांची आहे. तुमचं मूल सव्वा वर्षाचं, म्हणजे पहिली सोनोग्राफी झाली त्याला दीड वर्ष केव्हाच उलटून गेलं. दोन-तीन महिन्यांत ते केंद्र तो कागद रद्दीत घालायला मोकळं होईल. तुमच्या वकिलांना याच आठवड्यात सांगा की हे रेकॉर्ड मागवण्याचा आणि जपून ठेवण्याचा अर्ज करा. स्वतः केंद्रावर जाऊन मागू नका. तो बाईंचा वैद्यकीय कागद आहे, तुम्हाला कुणी देणार नाही आणि देऊही नये.

आता अख्खा जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचणाऱ्या महागड्या चाचणीबद्दल. एकबीज जुळ्यांचा डीएनए शंभर टक्के सारखा असतो असं आपण म्हणतो, ते पूर्ण खरं नाही. एका बीजाचे दोन गर्भ झाले की पुढे प्रत्येक गर्भात पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत क्वचित एखादं अक्षर चुकतं. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक याच युक्तीनं पोथ्यांची वंशावळ लावतात: एका लेखनिकानं एक अक्षर चुकवलं की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या पुढच्या प्रतीत ती चूक सापडते, शेजारच्या पोथीवरून उतरवलेल्या प्रतीत सापडत नाही. इथेही तसंच. तुमच्या शरीरात अगदी सुरुवातीला झालेली चूक तुमच्या शुक्रजंतूंतही असू शकते, त्यातून ती मुलात जाऊ शकते, आणि भावाकडे ती नसते. ती शोधायला वीस-चाळीस जागा पाहून भागत नाही. सुमारे तीन अब्ज अक्षरांचा अख्खा जीनोम, तोही पुन्हा पुन्हा वाचावा लागतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दोन जुळ्या भावांचे वीर्याचे नमुने आणि त्यांतल्या एकाच्या मुलाचं रक्त असं वाचून दाखवलं. पाच जागा अशा सापडल्या, ज्या बापात आणि मुलात होत्या, काकात नव्हत्या. २०२१ मध्ये आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी ३८१ एकबीज जोड्या तपासल्या. गर्भावस्थेच्या सुरुवातीला पडलेले फरक सरासरी ५.२ निघाले. पण या सरासरीत फसू नका: ३८ जोड्यांत एकही फरक सापडला नाही, तर ३९ जोड्यांत शंभराच्या वर सापडले. तुमची जोडी यांतल्या कुठल्या गटात बसते हे पैसे भरल्यानंतरच कळतं.

या चाचणीचं उत्तर एकाच बाजूनं भक्कम असतं, हे कुणी सांगत नाही. समजा तुमच्याकडे असे तीन फरक सापडले आणि भावाकडे दोन. तुमच्यातला एक जरी मुलात मिळाला, तर विषय संपला. तोच बदल त्याच जागी भावाच्या मुलात आपोआप होण्याची शक्यता दहा कोटींत एक अशा पातळीची असते. पण मुलात कुणाचाच फरक मिळाला नाही तर? बाप आपल्या गुणसूत्रांतलं निम्मंच देतो. तुमचे तिन्ही फरक तुमच्या सगळ्या पेशींत असले, तरी तुमच्या स्वतःच्या मुलात तिन्ही न येण्याची शक्यता आठात एक. भावाचे दोन्ही त्याच्या मुलात न येण्याची चारात एक. गणित भावाकडे झुकतं, पण फक्त दोनास एक. असल्या आकड्यावर ‘बाप हाच’ असा रिपोर्ट मी कधीही लिहिणार नाही.

नमुना कशाचा घेता यावरही बरंच ठरतं. एकच वार असलेल्या जुळ्यांच्या रक्तवाहिन्या गर्भात एकमेकींना जोडलेल्या असतात. एकाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या अंगात कायमच्या रुजतात. मग तुमचा खास बदल भावाच्या रक्तातही दिसतो आणि सगळा हिशोब कोलमडतो. गालाच्या आतल्या नमुन्यातही पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतातच. म्हणून दोघा भावांच्या वीर्याचे नमुने लागतात. पितृत्वाचा प्रश्न शेवटी त्याच पेशींचा आहे. यंत्राच्या चुका वेगळ्या. अब्जावधी अक्षरं वाचताना पहिल्या यादीत हजारो खोटे फरक येतात. त्यांतला प्रत्येक दावेदार निराळ्या पद्धतीनं पुन्हा वाचून खरा ठरवावा लागतो. आपल्याकडे सरसकट मिळणारं जीनोम वाचन हे आजाराचं निदान करण्यासाठी असतं, प्रत्येक अक्षर सरासरी तीसेक वेळा वाचणारं. काही पेशींतच असलेला बदल त्यात निसटून जातो.

काही जाहिरातींत मिथिलेशनचं नाव येतं. डीएनएवर वयाबरोबर आणि राहणीमानाबरोबर रासायनिक खुणा चढतात आणि त्या जुळ्यांत वेगळ्या होत जातात. गुन्ह्याच्या जागी सापडलेला रक्ताचा डाग दोन जुळ्यांपैकी कुणाचा, यासाठी त्या खुणांचा उपयोग होऊ शकतो. पितृत्वाला नाही. शुक्रजंतू आणि गर्भ तयार होताना त्या खुणा जवळजवळ सगळ्या पुसून नव्यानं लिहिल्या जातात. मुलात बापाच्या खुणा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

कोर्टाचं बघू. बाई त्या वेळी विवाहित असत्या तर चित्र वेगळं असतं. पुरावा कायद्याचं जुनं कलम ११२, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६, असं सांगतं की लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरायचं, पती-पत्नीचा त्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं असं सिद्ध होईपर्यंत. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डीएनएच्या निष्कर्षाला या गृहीतकापेक्षा वरचं स्थान दिलं, तर जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या एका प्रकरणात गृहीतकच उचलून धरलं. दीर-भावजयीचं प्रकरण असेल, आणि जुळ्यांबद्दलचे प्रश्न पुष्कळदा तेच असतात, तर माझा सल्ला असतो की चाचणीचं नाव काढण्याआधी वकिलाकडे जा. तुमच्या बाबतीत हे कलम आड येत नाही.

पण ‘तो मी नाही, माझा जुळा भाऊ’ म्हटल्यानं तुम्ही सुटाल, असं समजू नका. तुमचे संबंध तुम्हीच मान्य केले आहेत आणि चाचणीनं तुम्हाला वगळलेलं नाही. पोटगीच्या अर्जात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, आणि मुलाचं दूध-औषध निकालाची वाट बघत थांबत नाही. अंतरिम पोटगी तुमच्यावर लागू शकते, त्याची तयारी ठेवा. परदेशात असे खटले झाले आहेत. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात दोन्ही भावांच्या चाचण्या ९९.९ टक्क्यांच्या वर आल्या आणि निकाल शेवटी साक्षींवर लागला. ब्राझीलमधल्या गोयास राज्यात २०१९ मध्ये दोन्ही भाऊ एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तेव्हा न्यायाधीशांनी दोघांनाही पोटगी भरायला लावली आणि जन्मदाखल्यावर दोघांची नावं घालायला सांगितली. आपल्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचा रकाना एकच आहे.

तेव्हा भावाला ओढावं का? सोनोग्राफीची पट्टी नवरात्राकडे पडत असेल तर त्याला पक्षकार करण्याचा अर्ज करावाच लागेल, कारण तो समोर आल्याशिवाय त्याचे नमुने घेण्याचा आदेश मागता येणार नाही. कोर्ट असा आदेश सहजासहजी देत नाही. चाचणी सरधोपटपणे करायला लावू नये हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासून बजावलेलं आहे. तुमच्याजवळ दिलेली तोंडी कबुली तो वकिलाची नोटीस पाहताच फिरवू शकतो. आधी त्याच्याशी बसून बोला. त्यानं स्वतःहून प्रतिज्ञापत्र दिलं तर दोन्ही घरांचा बराच मनस्ताप वाचेल. आणि हे बोलणं आई-वडिलांसमोर करू नका.

एवढं सगळं करूनही जीनोम चाचणीची वेळ आलीच, तर लॅबला पैसे देण्याआधी फोनवर विचारा: तुम्ही एकबीज जुळ्यांचं पितृत्व याआधी तपासलं आहे का? वीर्याचा नमुना घेता की फक्त रक्त? प्रत्येक अक्षर किती वेळा वाचता? सापडलेले फरक दुसऱ्या पद्धतीनं तपासून देता का? आणि काहीच फरक सापडला नाही, तर रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहून देता? शेवटच्या प्रश्नाला चांगली लॅब ‘निष्कर्ष काढता येत नाही असं लिहून देऊ, पैसे मात्र परत मिळणार नाहीत’ असं उत्तर देईल. ‘काळजी करू नका साहेब, शंभर टक्के निकाल देतो’ असं ऐकू आलं, तर फोन ठेवून द्या.